मुठीची ज्वारी

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. पण काल सुनेनं धान्याच्या डब्यात कडुलिंबाचा पाला घातला आणि त्या कडवट वासानं ती पुन्हा समोर उभी राहिली. नव्वदच्या दशकातली गोष्ट, केजजवळच्या आमच्या एकत्र घरातली. दळण काढताना बायको दर वेळी मूठभर ज्वारी बाजूला टाकायची, हे मला ठाऊक नव्हतं. एक दिवस कोठीमागं पाला घालून झाकलेली तीन भरली मडकी सापडली आणि मी थोरल्या भावासमोरच ओरडलो, "माहेरी धाडायला चोरून साठवलीस व्हय?" ती हळूच म्हणाली, "न्हाई वो. गॅसच्या कनेक्शनचा नंबर लागलाय. धुरानं डोळे लई चुरचुरत्यात. बाजारात इकून पैसे भरणार होते." भाऊ हसला, "तुला न इचारताच गॅस आणती बे ही!" त्या हसण्यानं मी पेटलो आणि तिन्ही मडकी घरच्या कणगीत ओतली. पैसे भरले न गेल्यानं नंबर गेला. पुढं चार वर्षं ती डोळे पुसत चूल फुंकत राहिली, पण मूठ पुन्हा कधी बाजूला काढली नाही. आज सकाळी माफी मागायची म्हणून तिच्यासमोर जाऊन बसलो. जाड चष्म्यातून बघत तिनं विचारलं, "काय वो?" मी म्हणालो, "काही नाही, पाणी दे."