जेवणाऐवजीची भुकटी

कळमन्याच्या बाजारात संत्री निवडणाऱ्या एका बाईमुळे मी त्या दिवशी जेवले. नवऱ्याने जेवणाऐवजी दुधातून घ्यायची भुकटी आणली होती. "बारीक हो, नाहीतर रत्नागिरीला माहेरी सोडतो," म्हणाला. सातवीत शाळा सुटलेली मी, परक्या मुलखात कुणाला विचारणार? भुकटीचा डबा मांडीवर घेऊन बाजारात रडत बसले होते. त्या बाईनं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. माझं ऐकतानाही ती बाई डागी संत्री बाजूला टाकत होती. मग पदराला हात पुसून तिनं आपली भाकर मोडली.

"काहून रडून राहिली वं? मी बी वाळली होती माह्या नवऱ्यापायी. तरी टाकलंच ना त्यानं मले. खाय आता."

मी खाल्लं. भुकटी उघडली नाही, भीतीही गेली नाही. घर टिकलं तर इथे, नाहीतर माहेरी, पण तिला एकदा समोर बसवून पोटभर वाढणार आहे.