भरल्याशिवाय सुटत नाही

आळ्याच्या कुंडलिकभाऊंनी आयुष्यभर आळेफाटा ते ओतूर वडापची जीप चालवली, आणि ती कधी मोकळी सुटली नाही. नऊ सीटच्या गाडीत चौदा जण बसवायचे, पंधरावा मागं लोंबकळत ठेवायचा आणि वर म्हणायचं, "मामा, सरका जरा, गाडी रिकामीच हाय." पुढं जीप विकली, पण हाताची सवय कोण विकत घेणार? बाजाराच्या पिशवीत भाऊ कोथिंबिरीच्या जुडीलासुद्धा "सरक" म्हणत.

त्यांच्या बायकोच्या, साळुबाईंच्या हातांना भांडी घासून घासून भेगा पडल्या. डॉक्टर म्हणाले, हात कोरडे ठेवा. पुण्याच्या लेकीनं, हर्षालीनं, भांडी धुवायचं मशीन पाठवून दिलं. साळुबाईंनी त्याच्यावर टॉवेल अंथरून लोणच्याच्या बरण्या मांडल्या.

"चहाचे कप काय, कुनी बी धुईल," त्या म्हणाल्या. "रविवारी मासवडी करते. तिची भांडी निघाली तर ऱ्हाऊ द्या. न्हाई निघाली तर हे डबडं पुन्याला, अन् माझे हात माझ्यापाशी."

मासवडी म्हणजे पातेल्याला चिकटलेलं बेसन आणि ताटाच्या काठाला लालभडक तर्री. बाईंनी मुद्दाम अवघड पेपर काढला होता. पण रोज झोपताना त्या भेगांना तेल लावायचे ते भाऊच. साळुबाई "स्स" करायच्या आणि भाऊ बोट आणखी हलकं करायचे. मशीन राहायलाच हवं होतं.

रविवारी पाव्हणे जेवून गेले. भाऊंनी बाह्या सारल्या, खरकटं काढून टाकलं आणि गाडी भरायला घेतली. वाटीच्या मांडीवर वाटी, ताटाला खेटून ताट, पेले पातेल्याच्या पोटात, कडेच्या फटीत झारा उभा.

"अहो, बास की."

"एक सीट हाय अजून." भाऊंनी मूठभर चमचे कोंबले आणि गुडघ्यानं दार लावलं.

मशीन बराच वेळ घुमलं. दार उघडलं, तर वाट्यांच्या आतलं बेसन जागच्या जागी, नुसतं भिजून फुगलेलं. साळुबाईंनी पदर खोचला आणि घासणी शोधायला लागल्या. पण जिंकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही.

"जीपमधी मानसं अशीच भरायचा तुमी. लग्न झाल्यावर मला माह्यारी नेलंत, आठवतंय का? दोन पैलवानांच्या मधी मी. दाराकडच्याला भरारा वारा, अन् मला ओतूर येईस्तोवर झुळूक न्हाई."

भाऊ थबकले. "पुन्ना म्हन."

"काय पुन्ना म्हनू?"

"मधल्याला वारा लागत नाय."

ते वाकले आणि तळातला पाणी उडवणारा पंखा बोटानं फिरवून बघितला. तो झाऱ्याच्या दांड्याला अडून ठप्प उभा होता. झालं, सगळी गाडी खाली उतरली.

"झारेबुवा, पाय लांब करून बसलाय व्हय, आडवे व्हा. वाटे, मांडीवरनं उतर. पातेलं, तू पेले घेऊन मागच्या गाडीनं ये." प्रत्येक वाटीचं तोंड पाण्याकडं, दोघींच्या मधे बोटभर जागा. कुंडलिकभाऊंची गाडी जन्मात पहिल्यांदा कायद्यानं सुटली.

आपण काय बोलून बसलो ते साळुबाईंना कळलं, पण तोवर बटण दाबून झालं होतं.

या खेपेची भांडी त्यांनी एकेक करून उजेडात धरली, बोट फिरवलं, वास घेतला.

"ह्या वाटीला पोचा पडलाय."

"तो आपल्या लग्नापासनंचा हाय."

उरली मागच्या गाडीची भांडी: पातेलं आणि त्यातले पेले. साळुबाईंनी ती स्वतःच आत लावली, मधे जागा सोडून. बटणाकडं हात नेला तसा भाऊंनी अडवला.

"चार पॅसेंजरवर गाडी सुटत नाय. पानी तेवढंच लागतं, लाईट बी तेवढीच."

"मग मी घासते."

"हात कोरडे."

साळुबाईंनी आपल्या हातांकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. उठल्या, दारात गेल्या, शेजारच्या मंगलच्या घराकडं तोंड केलं आणि फाट्यावरचा त्यांचाच सूर लावला:

"चला ओतूर, ओतूर, ओतूर... दोन सीट, दोनच सीट. मंगल, तुझी भांडी आन गं."