दोन तांबे पाणी

आज दारात कल्हईवाला बसला. तापलेल्या पातेल्यावर त्याने नवसागर टाकला, आणि तो नाकाला झोंबणारा पांढरा धूर आत येताच मी खिडकी लावून घेतली.

तरुणपणी सोलापुरात उस्मानभाईंचं आणि माझं भागीदारीत पत्रेकामाचं दुकान होतं; डाग देताना, म्हणजे कथील वितळवून सांधा जोडताना, तिथेही हाच धूर उठायचा. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातून, रस्ता नसलेल्या गावांना जाता यावं म्हणून एका डॉक्टरांनी आपली मोटार उंच करून घेतली होती. वाटेत पेट्रोल मिळायचं नाही, म्हणून जुन्या टाकीला पत्रा जोडून ती दुप्पट करायची होती. आत राहिलेली पेट्रोलची वाफ पेटू नये म्हणून टाकी डाग देण्याआधी काठोकाठ पाण्याने भरून दिवसभर ठेवायची, हा आमचा नेम. पण उन्हाळा होता, नळ कोरडा होता आणि विहीर लांब. मी दोन तांबे पाणी आत खळबळून ओतून दिलं.

"धुतली का रे नीट?" डाग द्यायचं लोखंड तापवत उस्मानभाईंनी विचारलं.

"व्हय की," मी म्हणालो.

लोखंड टेकताच टाकी फाटली. उस्मानभाईंचा उजवा डोळा गेला.

दवाखान्यात पट्टीखालून त्यांनी आधी विचारलं, "तुला कुटं लागलं न्हाय न्हवं?" मग म्हणाले, "माजंच चुकलं. एकदा हुंगून बगायला पायजे हुतं."

पुढची कित्येक वर्षं ते एका डोळ्याने डाग देत राहिले, आणि दुकानात येईल त्याला आपली चूक सांगत राहिले. मी शेजारी बसून पत्रा कापत असे.