नाव नसलेली मूठ

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मुखेडच्या एका लॅबमध्ये दिवसभर रक्त-लघवी तपासते मी... मशीनने आकडा दाखवला तर खरं, नाहीतर पुढचा पेशंट. त्यामुळे खाली कुणी "देवाचा महिमा" वगैरे लिहू नका. जे झालं ते सांगते, बस.

मी उदगीरची, लिंगायत घरातली. वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, तिथं भुसार दुकान आहे. नऊ वर्षांपूर्वी मी मुखेडच्या ख्रिस्ती घरात लग्न केलं आणि अप्पांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मीही त्यांचीच लेक. सासरी आल्या आल्या बजावलं, "त्यांचं नाव या घरात कुणी घ्यायचं नाही."

आता सासूबाईंची सवय. रोज सकाळी भाताचे तांदूळ धुण्याआधी डोक्यावर पदर घ्यायचा आणि मूठ-मूठ तांदूळ एका डब्यात टाकायचे. प्रत्येक मुठीला एका माणसाचं नाव घेऊन प्रार्थना. आजारी शेजारीण, नोकरी नसलेला पुतण्या, कुणीही. महिनाअखेर तो डबा चर्चमध्ये जातो, तिथून गरजूंच्या घरी. शेवटची मूठ मात्र बिननावाची. "पोरीचा बाप," एवढंच म्हणायच्या. मी बंदी घातली होती ना!

मी चिडवायचे, "आई, पत्त्याशिवाय पार्सल पोचत नसतं."

"तू तुझ्या टेस्टा कर बाई. माझं मला करू दे."

मागच्या हिवाळ्यातला मंगळवार. साडेनऊ वाजले असतील, मी माझा टिफिन भरत होते. सासूबाईंनी शेवटची मूठ घेतली आणि थांबल्या. मग घरातल्या माणसाला हाक मारावी तसं म्हणाल्या, "पुट्टू... जेवलास का रे?"

"कोण पुट्टू?"

"काय की बाई. तोंडात आलं." मुठीकडे बघत राहिल्या. "तुझ्या बापाचीच मूठ हाय ही."

मी हसले आणि कामावर गेले.

दुपारी भावाचा फोन. अप्पा लातूरला दवाखान्यात, उद्या हार्टचं ऑपरेशन. "सकाळपासून एकच धोशा लावलाय, तुला बोलवा म्हणून." मी ॲप्रन खुर्चीवर टाकला आणि एसटी गाठली. रस्ताभर रडले, लपवत नाही.

अप्पा निम्मे झाले होते. माझा हात धरून म्हणाले, "सकाळी साडेनऊ-दहाला आई आली होती माझी. दिसली न्हाई, आवाज आला. पुट्टू, जेवलास का, म्हणाली... तवा वाटलं, पोरीला बघितल्याबिगर ऑपरेशनला जायचं न्हाई."

अप्पांची आई माझ्या जन्माआधीच वारली. पुट्टू म्हणजे कानडीत छोटा, आणि लहानपणी फक्त तीच त्यांना तसं म्हणायची, हे आत्याने तिथं सांगितलं. मला किंवा भावाला माहीत नव्हतं. सासूबाईंना तर कानडीचा एक शब्द येत नाही. तरी मी म्हटलं, योगायोग... गोळ्यांची गुंगी असेल.

ऑपरेशन नीट झालं. दोन महिन्यांनी अप्पा पहिल्यांदा आमच्या घरी आले. अप्पा शाकाहारी, म्हणून सासूबाईंनी त्यांच्यासाठी नवी कोरी पातेली आणली होती, वरण-भात त्यातच केला. संकोचाने त्या बाहेरच येईनात. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. शेवटी स्वयंपाकघरातूनच विचारलं, "पाव्हणं जेवतील का आता?"

अप्पांच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

"कोण बोललं?"

"माझ्या सासूबाई."

त्यांनी पेला खाली ठेवला आणि आतल्या दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "ती आई नव्हती गं. हाच आवाज होता."

त्या दिवशी अप्पांनी दोनदा भात मागून घेतला. मी मात्र अजून तिथंच अडकले आहे. मुखेडचा आवाज लातूरच्या खाटेपर्यंत पोचला कसा? सासूबाईंना विचारलं, तर तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "मी तर घरातच होते की."