वर्गणी मागायला गेलेला निरीक्षक

खवा भाजल्याचा वास आला की मला आमच्या हिंदीभाषक शहरातल्या बाड्यावरचं, म्हणजे मुख्य चौकातलं, एक मिठाईचं दुकान आठवतं. तेव्हा मी खाद्य विभागात भेसळीसाठी नमुने तपासणारा निरीक्षक होतो आणि एका रविवारी मूकबधिर मुलांच्या शाळेसाठी वर्गणी मागायला निघालो होतो. दुकानात जिलब्या तळल्या जात होत्या, तुपाचा धूर डोळ्यांत जात होता. मी मुलांबद्दल दोन वाक्यं बोललो असेन, तोच हलवायाने पाच हजार रुपये काढून दिले. आपल्या बोलण्यात जादू आहे, असं वाटून मी फुललो. मी पावती फाडत असताना तो हळूच म्हणाला, "साहब, अब सैंपल तो नहीं लेंगे ना?" माझे कान तापले. "नहीं भाई, ये पैसे वापस रखो," म्हणत मी नोटा परत केल्या. त्याचा चेहरा पडला. घाबरून त्याने त्यावर आणखी पाच हजार ठेवले! मी पावतीपुस्तक बगलेत मारून अक्षरशः पळालो आणि वर्गणीचं काम बायकोवर सोपवलं. यंदा निवृत्त झाल्यावर मोकळ्या मनाने पावतीपुस्तक घेऊन त्याच्याकडे पुन्हा गेलो. त्याने प्रेमाने बसवलं, चहा पाजला, विचारलं, "साहब, रिटायर हो गए?" मी हो म्हणालो. "तो फिर इक्यावन लिख लीजिए."