काकूंना सलामी

दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडाच्या रेसिंग ट्रॅकवर रविवारी लोक आपापल्या गाड्या पळवायला आणतात, तिथे मी हौसेनं झेंडे दाखवायला उभा राहतो. मागून वेगवान गाडी आली की पुढच्याला निळा झेंडा दाखवायचा, म्हणजे वाट दे. त्या एका झेंड्यानं माझा खांदा भरून यायचा तो काकूंमुळे. साठी उलटलेल्या काकू आपली लाल स्पोर्ट्स कार अशी चालवायच्या, जणू शेजारच्या सीटवर दुधाचं पातेलं ठेवलंय. वर प्रत्येक वळणावर आम्हा झेंडेवाल्यांना हात करायच्या.

"काकू, जरा पळवा की गाडी!" मी एकदा वैतागून म्हणालो.

"कशाला रे? अख्ख्या दिल्लीत हा एकच रस्ता आहे, जिथे उलट्या बाजूनं कोणी येत नाही. तो मी घाईत संपवू?"

गेल्या रविवारी वेगवाल्यांनी तक्रार केली. आयोजकांनी काकूंना बजावलं, "मॅडम, अब किसी का रास्ता रोका तो बाहर."

दुपारी मी निळा झेंडा घेऊन तयारच होतो. तो उचलावाच लागला नाही. मागची गाडी मला दिसायच्या आत काकूंना आरशात दिसायची. लगेच खिडकीतून त्यांचा हात बाहेर यायचा, 'जा बाबा पुढे.' एकालाही ब्रेक लावावा लागला नाही. काकूंचा वेग मात्र तोच!

शर्यत जिंकणाऱ्याला आम्ही सगळे झेंडे एकदम हलवून सलामी देतो. त्या दिवशी शर्यत नव्हतीच. तरी काकूंच्या शेवटच्या फेरीला पहिल्या वळणावर कोणीतरी झेंडे हलवले, मग दुसऱ्या वळणावर, मग माझ्याकडे होते तेवढे सगळे मी.

काकूंनी प्रत्येकाला हात केला. आणि वेग आणखी थोडा कमी केला.