न पिणारे भासरे

आमचे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, प्यायलेल्या माणसाच्या सावलीलाही उभे राहत नसत. कपाशीला भाव नसायचा त्या वर्षांत नांदगाव खंडेश्वराकडे पिणारे वाढले, तसा भासऱ्यांचा आवाजही वाढला. "लिवर सडते रे," असं ते पानठेल्यावर उभे राहून सांगत. पिणारे आदरानं मान डोलवत, आणि भासरे घरी वळले की प्यायला जात.

भावजयीनं भासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. ते मांजरीला सांगत, "मांजरे, चहात साखर कमी हाय." मीही पदर सावरून मांजरीलाच उत्तर देई. दहावी पास होते ना मी, मांजरीशी शुद्ध भाषेत बोले.

दारूचा जेवढा तिटकारा, तेवढी सुईवर भक्ती. "गोळीनं काई होत नाई, सुई पायजे." गावचा डॉक्टर एकच सुई पाण्यात बुचकळून साऱ्या रांगेला टोचायचा. मलाही न टोचता परत पाठवलं, तर अपमान वाटे.

त्यांचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, तेव्हा अमरावतीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती घेता?" भासरे चपला शोधू लागले.

रक्तात निघाली हिपॅटायटिस बी, म्हणजे 'बी' प्रकारची कावीळ. वर्षानुवर्षं लिवरात मुक्कामाला होती, आता तिथं कॅन्सर झालेला. "दारूनं होतो, तसा यानंही होतो. साखरेच्या आजारानं, लिवरवरच्या चरबीनंही. न पिणारे रोज येतात माझ्याकडे," बाई म्हणाल्या. कावीळ शिरली कुठून, ते नक्की सांगता येईना. सुई असेल, वस्तरा असेल, जन्मतःच आईकडून आली असेल.

भासऱ्यांना काळजी नावाची. वॉर्डात मांजर नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, लोकाइले सांगजो. मी पिऊन नाई मेलो."

तेरवीला वरण वाढता वाढता मी पंगतभर सांगितलं. बायका कुजबुजल्या, "लपून घेत असतीन." मी पुन्हा सांगितलं. पिणाऱ्यांतला गणपत मात्र खुलला. "म्हंजे काकू, न पेताबी होते? मंग आमी काहून सोडाव?"

"सुया तूबी त्यायच्यासंगंच टोचून घेतल्या, गणपत. वरून पेतं. तुले दोन्हीकून हाय."

त्यानं घास खाली ठेवला. हळूच विचारलं, "ते डॉक्टरीण कोन्या दिवशी बसते?"

"सोमवारी," मी म्हटलं. "मलेबी यायचं हाय. त्याच सुया मलेबी टोचल्या."